चिखलाचे करडे : ठाणे खाडी, जानेवारी ते जून २०२५

१९ जानेवारी, रविवार. ऐरोली

सुरुवात कुठून झाली ते आधी लिहून ठेवते. डिसेंबरात सोसायटीने खाडी-सफर काढली. तिच्या सूचनेवर मी काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो छापायचा होता. सूचना झेरॉक्स करून जिन्यात लावली, आणि त्या झेरॉक्समध्ये पक्षी गायब झाले. दोनशेच्या आसपास रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, असतील त्या फोटोत, सगळे पाण्यात विरघळल्यासारखे. उरला तो त्यांच्या पायांखालचा चिखल. त्यात फाटे फुटत गेलेले ओहळ इतके ठळक उठून आले होते की मी जिन्यात थांबून बघत राहिले. रंगीत फोटो माझ्याकडे तीन वर्षं होता. ते ओहळ मला एकदाही दिसले नव्हते.

म्हणून हा प्रकल्प. ठाणे खाडी, फक्त कृष्णधवल, बारा छायाचित्रं, मोसम संपेपर्यंत.

२६ जानेवारी

नौपाड्यात काकांकडे गेले. त्यांनी वर्तमानपत्रात पस्तीस वर्षं छायाचित्रकार म्हणून काम केलं, डार्करूम स्वतः सांभाळली. बेत सांगितला तर म्हणाले, "गुलाबी पक्षी काळा-पांढरा करणार? मग त्यात ठेवणार काय?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच उत्तर हवं होतं. माझ्याकडे नव्हतं.

मग त्यांनीच दोन नावं दिली. पहिलं एफ. डब्ल्यू. चॅम्पियन. हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत वनाधिकारी होते. १९२० च्या दशकात ते वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवत. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतःच काढायचा. ते फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि त्यावरून वाघ ओळखता येतो. दुसरं नाव चेन्नईच्या एम. कृष्णन यांचं (१९१२–१९९६). रंगीत फिल्म सहज मिळू लागल्यावरही ते कृष्णधवलच काढत राहिले.

काकांचं म्हणणं एवढंच, की या लोकांनी रंग 'काढून टाकला' नव्हता. ते मुळात करड्यातच बघत होते. "तू रंगीत बघतेस आणि नंतर पुसतेस. तसं जमणार नाही."

घरी येऊन कॅमेऱ्याची चित्रशैली मोनोक्रोम केली. आता व्ह्यूफाइंडरमध्ये करडंच दिसतं. रॉ फाइलमध्ये रंगाची माहिती शाबूत राहते, त्यामुळे गमवायचं काहीच नाही. फक्त डोळ्याला वळण लागायला हवं. तसं कामावर आठ तास मी करडंच बघत असते, क्ष-किरण विभागात. तरी खाडीवर गेले की डोळा गुलाबी शोधतो.

२ फेब्रुवारी

माघ चतुर्थी. ओहोटी नऊच्या सुमारास. जेट्टीवरून, बोट न घेता.

भरती-ओहोटीचा हिशोब मला आमच्या नाखवांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या कोळीदादांनी, शिकवला, तो इथे टिपून ठेवते. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनला भरती, मधे नऊला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास बाराला, आणि तेव्हाच उधाण. अष्टमीच्या पुढेमागे भांग, म्हणजे पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. मिनिटांचा फरक पडतो, ऐरोलीपर्यंत पाणी यायला थोडा वेळही लागतो, पण मोबाइल न उघडता बेत ठरवता येतो.

आज पक्षी लांब होते. तिवरांची श्वसनमुळं काढली. चिखलातून वर आलेली, पेन्सिली खोचून ठेवाव्यात तशी. त्यांच्यामधून निवट्या, चिखलात राहणारे छोटे मासे, उड्या मारत होत्या. निवटीचा रंग चिखलाचाच, म्हणून रंगीत फोटोत ती सापडत नाही. करड्यात तिच्या ओल्या पाठीवरचा चकाकता ठिपका तेवढा उठतो आणि मग डोळे, मग कल्ले दिसू लागतात. एक फ्रेम ठेवण्यासारखी.

९ फेब्रुवारी

द्वादशी, नऊला भरती. साडेनऊची बोट.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन. २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता, मिळाला. हे आकडे मी बोटीवर शेजारी बसलेल्या मुलीला सांगत होते, तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. थवा उडावा म्हणून. उडाला. सगळे मोबाइल वर झाले.

माझाही हात शटरवर गेला. ४१२ फ्रेम. घरी आल्यावर त्यातल्या टाळीनंतरच्या सगळ्या फ्रेम मी खोडल्या. पक्ष्यांना चिखल उघडा मिळतो तो दिवसातले काही तास. चोच उलटी धरून, पाणी गाळून, शेवाळ आणि बारीक जीव वेचायचे, तेही तेवढ्याच वेळात. त्यातला वेळ आपण उधळून लावायचा आणि त्याला छायाचित्रण म्हणायचं, हे मला मान्य नाही. प्रकल्पाचा नियम म्हणून लिहिते : उडवलेल्या पक्ष्याचा फोटो या बारांत येणार नाही. स्वतःहून उडाला तर उडाला.

नाखवांनी इंजिन बंद केलं आणि त्या दोघांना शांतपणे सांगितलं, "त्यांना खाऊ द्या. आपुन जेवताना कोनी ताट ओढलं तर?" पुढचा अर्धा तास कोणी बोललं नाही.

१२ फेब्रुवारी, रात्री

झेरॉक्समध्ये पक्षी का विरघळले, ते आज आकड्यांत सापडलं. हा भाग सविस्तर लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

परवाच्या एका फाइलमध्ये रोहिताच्या पाठीवरचा एक ठिपका मोजला : लाल २४०, हिरवा १९०, निळा १९०. त्याच्या मागच्या पाण्याचा : लाल २००, हिरवा २०८, निळा २१५. डोळ्याला हे दोन रंग पूर्ण वेगळे. पण साध्या रूपांतरात करडा रंग बनतो तो साधारण ३० टक्के लाल, ५९ टक्के हिरवा आणि ११ टक्के निळा मिसळून, कारण माणसाचा डोळा हिरव्याला सर्वात जास्त उजळ मानतो. गणित केलं. पक्षी २०५, पाणी २०६.

एका अंकाचा फरक! पक्षी पाण्यात दिसणारच नाही.

आता फक्त लाल वाहिनी, म्हणजे तीन आकड्यांपैकी लालचाच आकडा, घेतली तर पक्षी २४०, पाणी २००. उजळ पक्षी, करडं पाणी. फक्त हिरवी घेतली तर उलट, पक्षी १९० आणि पाणी २०८, म्हणजे पक्षी पाण्यापेक्षा गडद. एकाच क्षणाची दोन वेगळी चित्रं, आणि खोटं कुठलंच नाही. छातीच्या क्ष-किरण चित्रात मी विंडो, म्हणजे दाखवायच्या करड्यांचा पल्ला, बदलते तेव्हा एकदा बरगड्या दिसतात, एकदा फुप्फुसं. तसंच हे.

कुठलं घ्यायचं ते पंखांनी ठरवलं. रोहिताने पंख उघडले की आतली पिसं किरमिजी आणि कडेची काळी. हिरव्या वाहिनीत किरमिजी इतका गडद होतो की काळ्यात मिसळतो, सगळा पंख एकच डाग. लाल वाहिनीत किरमिजी उजळ राहतो आणि काळी किनार कापून काढल्यासारखी दिसते. तेव्हा लाल वर, निळा खाली. याने तिवरांचा हिरवा पट्टाही गडद होतो आणि क्षितिजावर एक काळी रेघ मिळते. निळा फार खाली ओढला तर आकाशात दाणे उठतात आणि पक्ष्याच्या कडेला पांढरी झालर येते, म्हणून बेतानेच.

काकांना फोन केला. म्हणाले, फिल्मवर याला लाल फिल्टर म्हणायचे, पण लांब लेन्सवर तो कधी लावता यायचा नाही. तीन स्टॉप प्रकाश खायचा, म्हणजे एक अष्टमांशच उरायचा. "तुला घरी बसून फिल्टर लावता येतो. नशीबवान आहेस."

१६ फेब्रुवारी

संकष्टी. छोटा बगळा, काळा चिखल, सकाळचं ऊन. कॅमेऱ्याने चिखलाचा अंदाज घेतला आणि बगळा जाळला. नुसता पांढरा कागद, एक पीस नाही. कॅमेऱ्याला उणे एक आणि एक तृतीयांश भरपाई, म्हणजे तेवढा कमी प्रकाश, दिल्यावर मानेवरची पिसं आली. पांढऱ्यासाठी मोजायचं, काळा नंतर उजळता येतो. गेलेला पांढरा परत येत नाही.

२३ फेब्रुवारी. सीवूड्स

दशमी, साडेसातला भरती. खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की पक्षी विसाव्याला आतल्या पाणथळींवर येतात, म्हणून एनआरआय संकुलामागे.

शेकाट्यांचा मोठा थवा. काळे पंख, पांढरं पोट, काडीसारखे लांब पाय. सकाळभर तेच काढले आणि घरी येऊन एकही ठेवला नाही. शेकाट्या मुळातच काळा-पांढरा. त्याच्या फोटोत मी काही ठरवलंच नव्हतं. कवड्या खंड्याचंही तेच होणार. कृष्णधवल म्हटलं की लोक असे पक्षी सुचवतात, आणि मला वाटतं ते सर्वात कमी उपयोगाचे.

२ मार्च

ढग. काही नाही.

९ मार्च

बोट साडेआठला. साडेनऊनंतर तापलेल्या चिखलावरची हवा हलायला लागते. दोनशे फुटांपलीकडचा पक्षी पाण्यातून बघावा तसा लवलवतो, आणि लेन्स कितीही चांगली असली तरी तो धारदार येत नाही. ६०० मिलिमीटरच्या टोकाला तर मुळीच नाही. मार्चपासून सकाळचं काम नऊच्या आत संपवायचं.

मोठी अडचण दुसरीच आहे. पक्षी आता सुटे दिसतात, पण ज्या ओहळांसाठी हे सगळं सुरू केलं ते येत नाहीत. लाल वर करा, हिरवा खाली करा, चिखल ढिम्म. तीन रात्री घालवल्यावर साधी गोष्ट कळली. चिखलाला रंगच नाही. तिन्ही वाहिन्यांत तो जवळपास सारखाच आहे, म्हणून रंगांच्या पट्ट्या त्याच्यावर चालत नाहीत. चिखलावर फक्त ऊन चालतं. ऊन कुठून येतं आणि चिखल किती ओला आहे, एवढंच. पक्ष्याचा प्रश्न संगणकावर सुटतो, चिखलाचा खाडीतच सोडवावा लागणार.

तर असा दिवस हवा : दुपारी भरती, म्हणजे चार-पाचच्या सुमाराला पाणी उतरत असेल. बोट चालण्याइतकं पाणी, पण ओहळ उघडे. आणि ऊन तिरपं, समोरून. ऐरोलीहून पश्चिमेला बघताना संध्याकाळचा सूर्य भांडुप-मुलुंडच्या बाजूला असतो, म्हणजे थेट समोर. पाऊणकी लावली. पुढचा रविवार कृष्ण द्वितीया. दीडला भरती.

१६ मार्च

साडेतीनची बोट. बोटीवर आम्ही सहाच जण.

पहिला तासभर नुसतं पाणी. मग कडेला चिखलाची पाठ वर आली, म्हशीची यावी तशी, ओली आणि काळी. नाखवांनी इंजिन मंद केलं. "आता बगा. पानी निघायला लागलं का वाटा दिसतील."

आणि दिसल्या. चिखलावरचं पाणी सगळं एकदम उतरत नाही. ते आधी केसाएवढ्या रेघांतून गोळा होतं, रेघा बोटाएवढ्या ओहळांना मिळतात, ओहळ मोठ्या ओहळाला, आणि तो खाडीला. ऊन समोरून असल्याने प्रत्येक रेघेतलं पाणी चांदीसारखं पेटलं होतं आणि मधला चिखल काळा. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये श्वासनलिका फुटत जातात, अगदी तोच आकार. मी तो आकार रोज बघते. पण इथे ते हलत होतं, दर मिनिटाला एक नवी फांदी फुटत होती.

मग पक्षी आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. उघड्या होणाऱ्या चिखलाच्या मागोमाग ते चालत आले, माना खाली, चोची उलट्या, पुढचा पक्षी ओहळाच्या कडेकडेने. ओहळ वळला तिथे रांगही वळली. इतकी वर्षं मला वाटायचं की रोहित वाटेल तिथे उभे राहतात. ते पाण्याच्या वाटेने चालतात.

१/१६०० सेकंद, एफ ८, आयएसओ ४००. तिपाई बोटीवर निरुपयोगी, इंजिनची थरथर सरळ लेन्समध्ये चढते. कोपरं बरगड्यांना टेकवून हातातच धरली. पाण्याच्या चकाकीत काही ठिकाणी पांढरा जळणार हे दिसत होतं, जळू दिला. तिथे तपशील नव्हताच, सूर्य होता.

फक्त ६३ फ्रेम. त्यातल्या पाच ठेवण्यासारख्या. आतापर्यंतचं सगळं काम एका बाजूला आणि ही पाऊण तासाची संध्याकाळ एका बाजूला.

२० मार्च. नौपाडा

काकांनी पाचही फोटो बघितले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चिखल काळा का केलास?"

मी कॉन्ट्रास्ट वाढवला होता. कृष्णधवल म्हणजे कडक काळा आणि कडक पांढरा, असं डोक्यात बसलेलं. त्यांनी त्यांचा एक जुना प्रिंट काढला. ठाण्याच्या बाजारातला पाऊस, ४०० ची फिल्म १६०० ची समजून वापरलेली, डी-७६ या डेव्हलपरमध्ये धुतलेली. त्यात ओल्या रस्त्याचे किती करडे मोजता येतात ते बघ म्हणाले. मी नऊपर्यंत मोजले. "तुझ्या चिखलात दहा असतील. तू दोन ठेवलेस."

रात्री पाचही फाइल पहिल्यापासून केल्या. कॉन्ट्रास्टच्या पट्टीला हातही न लावता, फक्त मधले करडे एकेक वेगळे करत. ओला चिखल, अर्धा सुकलेला, पायांनी तुडवलेला, शेवाळ धरलेला. चारही वेगळे निघाले. पक्ष्यांच्या पावलांच्या ओळी आता दिसतात. कडक काळ्यात त्या बुडाल्या होत्या.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून, जेवून, दुपारभर निवड.

एक गंमत सापडली. छोटा रोहित आणि मोठा रोहित रंगावरून ओळखायची सवय, छोटा जास्त गुलाबी. करड्यात ती खूण गेली. पण चोच राहिली. छोट्याची चोच गडद लाल, इतकी की करड्यात सगळी काळी दिसते. मोठ्याची चोच फिकी आणि फक्त टोक काळं. एका फ्रेममध्ये छोट्यांच्या घोळक्यात एक मोठा उभा होता. उंचीवरून शंका आली होती, चोचीने पक्कं केलं. रंगीत फाइलमध्ये तोच पक्षी मी दोनदा बघून सोडला होता. चॅम्पियन यांच्या वाघांची आठवण झाली.

लहान पक्षीही असेच. त्यांना गुलाबी यायला दोन-तीन वर्षं लागतात, तो रंग खाण्यातून येतो. तोवर ते राखाडी-तपकिरी. रंगीत फोटोत ते मळके वाटतात आणि आपण त्यांना फ्रेमबाहेर ठेवतो. मीही ठेवत आले. आता निवडलेल्या फोटोंपैकी एकात मधोमध एक असं पिल्लू आहे, आणि ते काढायचं नाही हे ठरवलं.

१३ एप्रिल

पहिले प्रिंट आले. १२ बाय १८ इंच. निराशा.

दिव्याखाली हिरवट, खिडकीशी नेले की जांभळट. रंगीत शाया मिसळून करडा बनवला की असंच होतं, प्रकाश बदलला की शाईंचा तोल बदलतो. मी देताना 'फक्त काळ्या-करड्या शायांनी' असं लिहून दिलं होतं. छापणाऱ्यांनी ते वाचलं नाही आणि पैसेही परत द्यायला तयार नाहीत. पाच प्रिंटचा खर्च गेला. वाईट वाटतं ते पैशापेक्षा याचं की पिल्लाचा करडा, जो मी तीन रात्री जुळवला, तो जांभळा झाला.

२७ एप्रिल

दुसरीकडे छापून घेतले. तिथल्या मुलाने आधी चाचणीपट्टी काढून दिली, मग कागदाबद्दल बोलला. मला सुती मॅट कागद हवा होता. मॅट कागदावर काळा तितका खोल जात नाही, तो गडद करड्यावर थांबतो, त्यामुळे खालचे तीन-चार करडे एकमेकांत चिकटतात. दोन पर्याय : चकाकीचा बरायटा कागद घ्यायचा, किंवा मॅटसाठी सावल्या वेगळ्याने उजळायच्या. चिखलाला चकाकी नको होती. सावल्या उजळल्या. चार चाचण्या लागल्या. चौथीत पावलांच्या ओळी कागदावर उतरल्या.

११ मे

पक्षी कमी झालेत. एका बोटीत दोन छोटे थवे. अकरा फोटो झाले आहेत, बारावा जमवायच्या नादात आज काही बाही काढलं आणि सगळं टाकलं. अकराच ठेवते.

२६ मे

मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला, नेहमीपेक्षा बराच लवकर. खाडी एका रंगाची झाली. मोसम संपला.

१ जून. दिवा कोळीवाडा

नाखवांना प्रिंट दाखवायला गेले. होडीवर ताडपत्री बांधत होते. हात पुसून आत आले, अकराही प्रिंट चटईवर मांडायला लावले. वहिनींनी पक्ष्यांचे बघितले, पिल्लाचा हातात घेतला.

नाखवा १६ मार्चच्या फोटोपाशी बसले. पक्ष्यांवर त्यांची नजर गेलीच नाही. ओहळावर बोट ठेवून म्हणाले, "ताई, ह्यो हिकडं कवा आला?"

मला कळलं नाही. त्यांनी समजावलं. हा मोठा ओहळ आधी विजेच्या मनोऱ्याच्या अलीकडून खाडीला मिळायचा. त्यातूनच ते पाणी उतरताना होडी काढायचे. फोटोत तो मनोऱ्याच्या पलीकडून मिळतोय. "होडीतून ह्ये दिसत नाय. वरनं पानी असतं, नायतर आपुन चिखलात. तुमच्या फोटूत समदं एकदम दिसतंय." मग शेजारच्या दोघांना हाक मारली. तिघांची अर्धा तास चर्चा, ओहळ सरकला की नवीन फुटला. एकाचं म्हणणं तिवरं पुढे आलीत म्हणून. दुसऱ्याचं, गाळ वाढलाय. मी मधे बोलले नाही.

तो प्रिंट त्यांच्याकडेच ठेवून आले. त्यांनी विचारलं, पावसानंतर त्याच जागेवरून पुन्हा काढता येईल का, म्हणजे जुळवून बघता येईल. जागा कशी सापडणार म्हटलं, तर प्रिंटच्या कोपऱ्यावर बोट टेकवून कोळ्यांच्या खुणेने सांगितली. वहीत तशीच उतरवते :

विजेचा तिसरा मनोरा आणि तिवरांचं टोक एका रेषेत. मागे वळून बघितलं की पारसिकची खिंड डाव्या खांद्यावर. कृष्ण द्वितीया, भरतीनंतर अडीच तास. नोव्हेंबर.